मदत हवी आहे: ट्रायल घेणाऱ्या डॉक्टरांचेच कंपनीत शेअर्स आहेत, काय विचारावं?

माझे थोरले दीर न्यू जर्सीत असतात. त्यांचा रक्ताचा कॅन्सर परत उलटलाय. तिथल्या एका युनिव्हर्सिटी हॉस्पिटलने ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची माणसांवरची चाचणी, सुचवली आणि संमतीपत्र घरी वाचायला दिलं. बहुतेक पानं दुष्परिणामांची. शेवटाकडे, येण्याजाण्याचा खर्च कसा मिळेल त्याच्या खाली, चार ओळी: उपचाराचं पेटंट युनिव्हर्सिटीचं, ते एका स्टार्टअपला दिलंय, मुख्य संशोधकांचे त्यात शेअर्स आहेत आणि उपचार यशस्वी ठरला तर दोघांनाही आर्थिक फायदा होऊ शकतो.

हे मुख्य संशोधक म्हणजे दिरांचे नेहमीचे डॉक्टर. माणूस फार चांगला आहे, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचं पेटंट युनिव्हर्सिटीला घेता येतं, तसा कायदाच अमेरिकेत १९८० पासून आहे, हेही माहीत आहे.

पण जेसी गेल्सिंगरबद्दल वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. १८ वर्षांचा मुलगा. यकृताचा आनुवंशिक विकार होता, पण औषधं आणि पथ्य सांभाळून बरा चालला होता. सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जीन थेरपीच्या (जनुकांवर आधारित उपचाराच्या) ट्रायलमध्ये इंजेक्शन दिलं आणि चार दिवसांत गेला. तिथल्या संस्थेचे प्रमुख जेम्स विल्सन यांनीच स्थापन केलेली जेनोवो ही कंपनी त्या संस्थेला पैसा पुरवत होती. मुलाच्या रक्तातलं अमोनिया ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असूनही त्याला ट्रायलमध्ये घेतलं होतं. तशाच प्रकारच्या प्रयोगात माकडं दगावली होती, ते संमतीपत्रात नव्हतं. आर्थिक हितसंबंधाचा उल्लेख मात्र होता! पैशामुळेच तसं घडलं असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण कागदावर एक ओळ लिहिली म्हणजे पेशंटचं रक्षण झालं, हे मला पटत नाही.

कंपन्यांकडून डॉक्टरांना काय मिळतं ते दाखवणाऱ्या, अमेरिकन सरकारच्या ओपन पेमेंट्स साइटवर डॉक्टरांचं नाव टाकून पाहिलं. त्या स्टार्टअपचा पत्ताच नाही. याचा अर्थ काय? आणि नेमकं कोणाला, काय विचारायचं? जाऊबाई म्हणतात, डॉक्टर दुखावतील, राहू दे. दिरांना लवकर निर्णय द्यायचाय.

प्रतिसाद

ताई, मी अमेरिकेत ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम करतो. आधी ओपन पेमेंट्सचं. ज्या कंपनीचं एखादं औषध किंवा उपकरण मंजूर होऊन सरकारी विम्यात बसतं, तिलाच तिथे माहिती द्यावी लागते. नव्या स्टार्टअपचं अजून काही बाजारातच नसतं, म्हणून ती दिसत नाही. लपवाछपवी असेलच असं नाही.

ट्रायलला एनआयएचचा, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचा, पैसा असेल तर युनिव्हर्सिटीकडे लेखी मागणी करा. संशोधनाशी निगडित असलेल्या अशा हितसंबंधाची माहिती त्यांनी वेबसाइटवर तरी ठेवायची असते, नाहीतर मागितल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांत द्यायची असते. कोणती कंपनी आणि साधारण किती रक्कम, एवढं त्यात कळतं.

डॉक्टरांशी बोलायला कचरत असाल तर संमतीपत्रावर आयआरबीचा, म्हणजे नैतिकता समितीचा फोन असतोच. त्यांना विचारा, या हितसंबंधासाठी काय बंधनं घातली आहेत? संमती घ्यायला शेअर्स नसलेला दुसरा डॉक्टर बसेल का? दीर ट्रायलला पात्र आहेत हे कोण ठरवणार? दुष्परिणाम औषधामुळे झाला की आजारामुळे, हा शिक्का कोण मारणार? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

आणि दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या रक्तविकार तज्ज्ञाला दाखवा. ट्रायलबाहेर कोणते मंजूर उपचार शिल्लक आहेत, ते त्यांच्याकडून ऐका.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. आयआरबीला आजच फोन करायला जाऊबाई तयार झाल्यात. न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियाकडे दुसरं मत कोणाकडे घ्यावं, कोणी सुचवेल का? फाइल्स लगेच पाठवता येतील.