डिस्क प्लेटच्या बोल्टचं ॲलन भोक गोल झालंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाइकच्या पुढच्या ब्रेकची डिस्क प्लेट बदलायला घेतली. सहा बोल्टपैकी चार निघाले, तेही चाक गुडघ्याखाली दाबून. पाचव्याने 'कट्' आवाज केला. मला वाटलं सुटला, पण सुटली ती ॲलन की (सहाकोनी चावी). आता भोक आतून जवळपास गोल झालंय, की नुसती फिरते. सहाव्याला भीतीने हात लावलेला नाही.

बोल्ट ८ मिमीचे, बसक्या गोल टोपीचे, ५ मिमीची की लागते. दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारतोय, फरक शून्य. गंमत म्हणजे निघालेल्या बोल्टांच्या आट्यांत लालसर चुरा आहे. गंज म्हणावा तर बोटाला डाग पडत नाही, नखाने प्लास्टिकसारखा सुटतो.

ड्रिल घालू का? हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) आटे गेले तर चाकच गेलं.

प्रतिसाद १

अहो, तो चुरा गंज नाहीच, थ्रेडलॉकर आहे, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो चिकट द्रव वाळलेला. त्याच्यावर तेल दोन महिने मारलंत तरी काही होणार नाही. त्याला उष्णता लागते, आणि जास्त ताकदीचा असेल तर बोल्ट साधारण २५०° सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. हीट गन फक्त टोपीवर धरा, बेअरिंगच्या सीलकडे झोत नको. गरम असतानाच सोडवा, निवला की पुन्हा धरतो.

त्याआधी मारलेलं तेल नीट पुसा, नाहीतर पेटेल. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसून तापवू मात्र नका, विषारी वायू होतो.

की गोळी-टोकाची (टोक गोळीसारखं गोल असलेली) होती का?

धागाकर्ता

हो! तिरकी घालता येते म्हणून तीच वापरली.

प्रतिसाद २

तिथेच घात झाला. गोळी-टोक सैल बोल्ट भराभर फिरवायला, घट्ट बोल्ट फोडायला नाही. सहाव्याला सरळ टोकाची की हातोडीने ठोकून बसवा.

पाचव्यात भोकापेक्षा किंचित मोठा टॉर्क्स बिट (सहा टोकांच्या चांदणीसारखा) ठोका. ठोकताना चाकाला हबखाली लाकडाचा आधार द्या. नाहीच जमलं तर ड्रिल, पण आट्यांपर्यंत जायचंच नाही. मधोमध पंच मारा, बारीक बिटने सुरुवात करून ८ मिमीपर्यंत या आणि फक्त टोपी उडवा. टोपी गेली की ताण गेला. प्लेट उचलली की तिच्या जाडीएवढा खुंट वर राहतो, तो ग्रिप प्लायरने धरून फिरवायचा. इझी-आउटच्या (अडकलेला बोल्ट काढायच्या उलट्या आट्यांच्या हत्याराच्या) नादी लागू नका. तो आत तुटला तर साधा ड्रिल बिट त्याला ओरखडाही काढत नाही.

धागाकर्ता

सहावा तापवल्यावर मुकाट निघाला. पाचव्यात टॉर्क्सही फिरला, मग ड्रिल. ८ मिमीचा बिट घातला तशी टोपी अंगठीसारखी बिटवर चढून वर आली! खुंट परत तापवला, तो कुरकुरत निघाला. आटे शाबूत. नवे बोल्ट तसेच कोरडे लावू का?

प्रतिसाद १

कोरडे नको. आधी ८ बाय १.२५ चा (८ मिमी व्यास, १.२५ मिमी आट्यांमधलं अंतर) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने फिरवून जुना चुरा काढा. मग मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब, आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) समोरासमोरच्या क्रमाने आवळा. नव्या प्लेटला तेलकट हात लावू नका.