रूडोल्फ फिरखो: प्रयोगशाळा आणि बर्लिनची नगरसभा

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. पेशी ही पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धांत रुजवणाऱ्या जर्मन डॉक्टर फिरखो यांनी चार दशकांहून अधिक काळ बर्लिनच्या नगरसभेत घालवला, याची मला खंत वाटते. तो वेळ संशोधनाला मिळायला नको होता का?

आपला नम्र,
एक सभासद

सप्रेम नमस्कार.

आपली खंत समजते, पण मला ती पटत नाही, कारण फिरखो यांचे राजकारण त्यांच्या संशोधनातूनच निघाले होते. 1848 च्या फेब्रुवारीत प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारने या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरला अप्पर सायलेशिया या प्रांतभागात टायफस या तापाच्या साथीची कारणे शोधायला पाठवले. त्यांनी अहवालात उपासमार आणि कोंदट घरे यांच्याबरोबरच पोलिश भाषिक प्रजेला शिक्षणापासून आणि स्वशासनापासून वंचित ठेवणारी राजवटही कारण म्हणून नोंदवली, आणि उपाय म्हणून संपूर्ण लोकशाही सुचवली. मार्चमध्ये बर्लिनमध्ये राजसत्तेविरुद्ध झालेल्या उठावात ते स्वतः उतरले. त्यानंतर त्यांना बर्लिन सोडून वुर्ट्‌सबुर्गला जावे लागले आणि 1856 मध्ये ते प्राध्यापक म्हणून परतले.

1859 मध्ये ते नगरसभेवर निवडून आले आणि 1902 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. उघडी गटारे आणि शौचखड्डे यांनी वेढलेल्या त्या शहरात, स्थापत्य अभियंता जेम्स होब्रेख्ट यांची योजना त्यांनी आकडेवारीच्या बळावर नेटाने पुढे रेटली. शहराचे बारा विभाग करून प्रत्येकातले सांडपाणी पंपांनी शहराबाहेरच्या शेतांवर सोडायचे, अशी ती योजना होती आणि 1873 मध्ये काम सुरू झाले. प्रशियाच्या प्रतिनिधिगृहात त्यांनी पंतप्रधान बिस्मार्क यांना केलेला विरोध अधिक गाजला, पण माझ्या मते या भुयारी गटारांचे मोल त्याहून मोठे आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. केवळ जंतू हेच रोगाचे पुरेसे कारण आहे, हे स्वीकारायला ते फार काळ राजी नव्हते आणि विज्ञान म्हणून ती भूमिका तोकडी ठरली. तरीही रोग्याभोवतीचे घर, पाणी आणि अन्न यांच्यावरून त्यांची नजर हटली नाही, ती याच आग्रहामुळे. मांसाच्या सक्तीच्या तपासणीसाठी आणि नव्या सार्वजनिक रुग्णालयांसाठी ते झटले, तेही त्याच दृष्टीने. त्यामुळे नगरसभेतली ती वर्षे संशोधनातून वजा करावीत, असे मला वाटत नाही.

आपली,
ताई