रात्री नेमकं चावतंय काय?

प्रेषक: यादी-संचालक
सोमवार, सकाळी

मंडळी, एका सभासद बाईंनी नाव न छापण्याच्या अटीवर खालचा मजकूर पाठवलाय. त्या कोण असाव्यात याचे तर्क यादीवर लढवू नयेत. उत्तरं मात्र यादीवरच द्या.

«नमस्कार. गेले तीन आठवडे नवरा सकाळी खाजवतच उठतो. दंडावर, मानेवर, पाठीवर लाल गांधी. कधी दोन, कधी पाच. रात्री चावताना त्याला काही कळत नाही. आम्ही एकाच पलंगावर झोपतो आणि माझ्या अंगावर एक डाग नाही. मुलगी पलीकडच्या खोलीत झोपते, तिलाही काही नाही. त्यामुळे माझं मत, हे घामोळं नाहीतर साबणाची ॲलर्जी. त्याचं मत, ढेकूण. डास म्हणावेत तर खिडक्यांना जाळ्या आहेत आणि गुणगुणही ऐकू येत नाही. घरात प्राणी नाही. महिन्याभरापूर्वी तो कामासाठी चार रात्री हॉटेलात राहून आला, पण खोली चकाचक होती असं त्याचंच म्हणणं. गांधींचा फोटो जोडलाय. कोणी ओळखू शकेल का?

नाव का लपवतेय ते उघड आहे. ढेकूण म्हटलं की आमच्याकडे कोणी बसायलासुद्धा येणार नाही.»

उत्तर १

ताई, फोटोत तीन गांधी सरळ एका रेषेत दिसताहेत. ढेकूणच. शंभर टक्के. धुराचे डबे मिळतात, प्रत्येक खोलीत एकेक सोडा आणि दिवसभर बाहेर राहा. गादी टाकून द्या. तोवर हॉलमध्ये झोपा.

उत्तर २

काका, शंभर टक्के कसं म्हणता? माझ्या पायावर अशाच तीन गांधी एका रेषेत उठल्या होत्या आणि निघाल्या पिसवा. आमच्याकडे मांजर आहे.

ताई, पिसवा बहुतेक घोट्यांवर आणि गुडघ्याखालीच चावतात, कारण त्या जमिनीवरून उडी मारतात. पांढरे मोजे वर ओढून घरभर दहा मिनिटं फिरा. काळे ठिपके मोज्यांवर चढले आणि टुणकन उडाले तर प्रश्न मिटला. प्राणी नसला तरी मोजे घालून बघाच. आधी राहणाऱ्यांकडे प्राणी असेल तर कोशातल्या पिसवा महिनेच्या महिने दबा धरून बसतात, आणि पावलांची थरथर लागली की बाहेर पडतात. पण दंड आणि मान म्हणताय, म्हणून मलाच शंका आहे.

उत्तर ३

गादीतल्या धुळीत माइट नावाचे अतिसूक्ष्म किडे असतात, लाखोंनी. तेच असणार.

उत्तर ४ (मी त्वचेची डॉक्टर आहे, म्हणून लिहितेय)

धुळीतल्या माइटच्या बाबतीत हे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं झालं. ते आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा खातात. त्यांच्यामुळे शिंका येतील, दमा वाढेल, पण ते चावत नाहीत.

आता फोटोबद्दल. तो मोठा करून पाहिला. यावरून कीटक ओळखता येत नाही; मलाही नाही आणि काकांनाही नाही. किड्याची लाळ त्वचेत गेली की आपलं शरीर तिला जे उत्तर देतं ते आपल्याला गांधीच्या रूपात दिसतं. एकच किडा दोघांना चावला तर एकाला सुपारीएवढी गाठ येते आणि दुसऱ्याला काहीच नाही. एका रेषेतले तीन ही खूण ढेकणांची म्हणून प्रसिद्ध आहे, पण ती पिसवांतही दिसते आणि ढेकूण असताना दिसतही नाही. ढेकणांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. चावल्यावर खूण उठायला काहींना १४ दिवससुद्धा लागू शकतात, आणि काहींना ती कधीच उठत नाही. तेव्हा ताई, रागावू नका, पण तुमच्या अंगावर डाग नाही म्हणजे तुम्हाला चावत नाही, हे काही सिद्ध होत नाही.

एक गोष्ट मात्र त्वचेवरच शोधावी लागते. खरूज. तिचा माइट कातडीच्या आत बीळ करून राहतो, त्यामुळे पलंगावर कितीही शोधलं तरी हाती काही लागत नाही. खाज रात्री फार वाढते. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, काखा या जागा बघा. बारीक, वाकडीतिकडी रेघ दिसली तर डॉक्टरांकडे जा. पहिल्यांदा झाली असेल तर लक्षणं दिसायला चार ते सहा आठवडेही लागतात, म्हणून घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करतात. यजमानांच्या बोटांमध्ये काहीच नसेल तर ती शक्यता बरीच मागे पडते.

आणि अंगावर एकही डाग नसताना नुसती खाज असेल, तर किडे शोधत बसू नका. कोरडी त्वचा, काही औषधं, यकृत, थायरॉइड अशी कितीतरी कारणं असतात. इथे तसं नाही, पण यादी सगळेच वाचतात म्हणून लिहिलं.

उत्तर ५

मी या धंद्यात बरीच वर्षं घरं तपासत फिरलो. डॉक्टरीणबाईंशी सहमत आहे. त्वचा बघणं थांबवा आणि पलंग बघा.

आधी काकांचा सल्ला बाजूला ठेवा. धुराचे डबे म्हणजे साप समजून भुई धोपटणं. धूर उघड्या जागेवर बसतो, ढेकूण फटीत असतो. तो मरत नाही, शेजारच्या खोलीत सरकतो. हॉलमध्ये झोपायला जाल तर आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तोही तिथे येईल, मग सोफाही गेला. गादी तर मुळीच टाकू नका. जिन्यातून खाली नेताना अर्ध्या इमारतीला प्रसाद वाटला जातो.

आता शोध. भरपूर उजेडाचा टॉर्च, पारदर्शक चिकटपट्टी आणि जुनं एटीएम कार्ड घ्या. चादर काढा. गादीच्या चारही कडांची शिवण बोटाने उलटी करत जा, विशेषतः डोक्याकडचे दोन कोपरे. मग पलंगाची डोक्याकडची फळी भिंतीपासून ओढून तिची मागची बाजू बघा. स्क्रूची भोकं, लाकडाचे सांधे, खालच्या पट्ट्या भिडतात त्या जागा. कार्ड फटीतून सावकाश फिरवा. जिवंत ढेकूण दिसेलच असं नाही, पण त्याची कागदपत्रं सापडतात. पेनाने ठिपके दिल्यासारखे काळे डाग. ओल्या कापसाने पुसले की तपकिरी-लालसर पसरतात, कारण ते पचलेलं रक्त असतं. पिवळट, पारदर्शक काती. ढेकणाचं पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळेआधी त्याला एकदा रक्त लागतं. पांढरी अंडी, जेमतेम एक मिलिमीटरची, फटीला चिकटलेली. पूर्ण वाढलेला ढेकूण चपटा, तपकिरी, सफरचंदाच्या बीएवढा असतो, आणि पोटभर प्यायला की लांबट, लालभडक होतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. पिसू याच्या नेमकी उलट, उभी चपटी असते.

एकदा शोधून काही मिळालं नाही तर हातपाय गाळू नका. पलंगाच्या चारही पायांखाली गुळगुळीत प्लास्टिकच्या वाट्या ठेवा, पलंग भिंतीपासून हातभर लांब सरकवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. ढेकणाला गुळगुळीत भिंत चढता येत नाही. वर यायला निघालेला बाहेरच राहतो आणि पिऊन परतणारा वाटीत अडकतो. दोन आठवडे ठेवा. जे सापडेल ते चिरडू नका. चिकटपट्टीवर घ्या नाहीतर लहान बाटलीत सॅनिटायझर घालून त्यात टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

एक प्रश्न. खिडकीच्या किंवा एसीच्या आसपास कबुतराचं घरटं आहे का? पिल्लं उडून गेली की घरट्यातले माइट उपाशी पडतात आणि माणसांकडे वळतात. ते टाचणीच्या डोक्याहून लहान असतात, आणि बिछान्यावर औषध मारून काही होत नाही. घरटं काढावं लागतं. हे बघितलं नाही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मूळ पत्रलेखिका, संचालकांमार्फत
शुक्रवार

सगळ्यांचे आभार. घरटं नाही. पांढऱ्या मोज्यांची परेड दोघांनी केली, मुलगी हसून हसून लोळली, मोजे पांढरेच राहिले. बोटांच्या बेचक्यांत काही नाही.

गादीच्या शिवणीत काही सापडलं नाही. पण दोन किडे मिळाले आणि माझी झोप उडाली. एक खिडकीच्या चौकटीवर, फिकट, मऊ, मिलिमीटरभर. दुसरा कपाटाखाली, तपकिरी पट्ट्यांचा, अंगभर केस, अळीसारखा. दोन्ही फोटो जोडलेत. ढेकणाची पिल्लं का?

उत्तर ५

दोन्ही निर्दोष. पहिली बुकलाउस, म्हणजे ओलीत वाढणारी बारीक कीड. ती बुरशी खाते, चावत नाही. तिचं असणं म्हणजे खिडकीपाशी ओल आहे एवढंच. दुसरी गालिच्यातल्या भुंग्याची अळी. ती लोकर खाते, रक्त पीत नाही. तिच्या केसांनी काहींना पुरळ उठतं, पण पलंगात ढीगभर असतील तर. तुम्हाला एकच मिळालीय.

फळीमागचं काहीच लिहिलं नाहीत. पाहिली का?

मूळ पत्रलेखिका

नाही. ती भिंतीला घट्ट बसवलीय. आणि खरं सांगायचं तर काही सापडेल याची भीती वाटतेय.

उत्तर २

ताई, लाजायचं काय त्यात? लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात झोपायला गेले ते ढेकणांच्या भीतीनेच, असा संस्कृतात श्लोक आहे. देवांची ही गत, तर आपली काय कथा! अस्वच्छतेशीही संबंध नाही. त्यांना रक्त लागतं, धूळ नाही. बॅगेतून येतात, राजवाड्यातही येतात.

उत्तर ४

आणि त्यांच्यामुळे माणसाला कुठला रोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. खाजवून जखम चिघळणं आणि झोपेचं खोबरं, हा खरा त्रास. ओढा ती फळी.

मूळ पत्रलेखिका, संचालकांमार्फत
पुढचा गुरुवार, पहाटे ४.१०

दोन वाट्यांत काही नव्हतं. तिसरीत होता. सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तपकिरी, वर चढायला बघत होता आणि घसरत होता. मी पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. मग नवऱ्याला उठवलं आणि दोघांनी मिळून फळी ओढली. मागे स्क्रूच्या एका भोकाभोवती काळे ठिपके, चारपाच काती आणि आत दोन जिवंत. ओल्या कापसाने पुसलं, तपकिरी पसरलं. आता शंका उरली नाही.

पुढे काय करायचं ते पटकन सांगा.

उत्तर ५

लवकर सापडले, ही चांगली बातमी. चादरी, अभ्रे, पलंगाजवळचे कपडे जागेवरच पिशवीत बांधा आणि ड्रायरच्या सगळ्यात जास्त तापमानावर निदान ३० मिनिटं फिरवा. नुसत्या धुण्यावर भिस्त ठेवू नका. फटी व्हॅक्यूमने ओढून पिशवी लगेच घराबाहेर टाका. वाट्या तशाच राहू द्या. परवानाधारक माणूस बोलवा आणि दोन-तीन फेऱ्यांचं आधीच ठरवून घ्या, कारण औषधातून वाचलेली अंडी आठवड्या-दहा दिवसांत फुटतात. रॉकेल, स्पिरिट असलं काही गादीवर ओतू नका. त्यापायी लोकांची घरं पेटलीत. हॉटेलातून आलेली बॅग कुठे आहे? तीही तपासा. आणि शेजाऱ्यांना सांगा, भिंत सामायिक असेल तर नक्कीच.

एक विचारू? तिसरी वाटी पलंगाच्या कुठल्या बाजूची?

मूळ पत्रलेखिका

माझ्या. स्क्रूचं ते भोकही माझ्याच उशीमागे. म्हणजे गेले कित्येक दिवस मलाही चावत होते, आणि मी त्याला तीन साबण बदलायला लावले.

बॅग पलंगाखालीच होती, तिच्या चेनपाशी ठिपके आहेत. माणूस शनिवारी येतोय. शेजाऱ्यांना सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वाट्या केवढ्या घ्यायच्या ते विचारलं.

नवरा अजून एक शब्दही बोललेला नाही. नुसता माझ्याकडे बघतो आणि खाजवतो.