नाताळच्या ताटासाठी चॉकलेट फज: पाकातले की कन्डेन्स्ड मिल्कचे?

प्रश्न (फोंडा): नाताळात शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून दोदोल, दोस आणि पेराद या गोड पदार्थांचे ताट येते, आणि ते रिकामे परत करण्याची आमच्याकडे रीत नसल्यामुळे यंदा घरी केलेले चॉकलेट फज पाठवण्याचा बेत आहे. दूध, साखर, कोको आणि लोणी यांचे फज दोदोलासारखे सतत ढवळूनही रवाळ का होते? त्यापेक्षा कन्डेन्स्ड मिल्कची सोपी कृती करावी का?

उत्तर (म्हापसा): ढवळण्याची सवयच येथे आड येते. दोदोल तांदळाच्या पिठामुळे आणि पेराद पेरूतील पेक्टिन या नैसर्गिक घट्ट करणाऱ्या घटकामुळे आळतो, म्हणून तेथे हात थांबला की बुडाला लागलेच समजा. फज मात्र साखरेच्या अतिसूक्ष्म स्फटिकांमुळे बसते. साखर विरघळेपर्यंत ढवळावे, भांड्याच्या कडेचे कण ओल्या ब्रशने पुसून घ्यावेत आणि पाक सुमारे ११४ अंश सेल्सिअसला, म्हणजे थंड पाण्यात थेंब टाकल्यास मऊ गोळी वळेल इतका, आला की उतरवावा. मग लोणी वर नुसते ठेवून, भांड्याच्या बुडाला हात सोसवेपर्यंत चमचाही लावू नये. गरम पाक ढवळल्यास मोजकेच स्फटिक धरतात आणि तेच मोठे होत जातात. निवल्यावर जोराने घोटल्यास असंख्य बारीक स्फटिक एकदम धरतात. घोटताना चकाकी गेली की लगेच तूप लावलेल्या ताटात ओतावे, नाहीतर भांड्यातच बसते.

उत्तर (मडगाव): रवाळपणा सगळीकडेच दोष ठरत नाही, स्कॉटलंडमधील ‘टॅब्लेट’ नावाची मिठाई मुद्दामच ठिसूळ आणि रवाळ करतात. फज मूळचे अमेरिकेचे. वासार महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी एमेलिन हार्ट्रिज यांच्या पत्रानुसार १८८६ मध्ये बाल्टिमोरला ते पौंडाला ४० सेंट दराने विकले जात होते, आणि १८८८ मध्ये त्यांनी स्वतः महाविद्यालयातील लिलावासाठी ३० पौंड फज केले. मिशिगनमधील मॅकिनॉ बेटावर आजही गिऱ्हाइकांसमोर संगमरवरी पाटावर पाक ओतून तो उलथन्याने दुमडत निववतात. आपल्याकडे मात्र फज म्हटले की लोणावळाच आठवतो.

उत्तर (डिचोली): कन्डेन्स्ड मिल्कचे फज मुख्यतः चॉकलेटातील कोको बटरमुळे, म्हणजे कोकोच्या बियांतील स्निग्धांशामुळे, घट्ट राहते, आणि हे कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळते. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा ३२च्या आसपास असतो, त्यामुळे फ्रीजबाहेरच्या ताटात ती वडी लिबलिबीत होणारच. म्हणून पाकातलेच करावे. भाजलेल्या काजूचे तुकडे घोटण्याच्या अगदी शेवटी घालावेत आणि वड्या बटर पेपरमध्ये गुंडाळाव्यात, कारण आपल्या दमट हवेत उघड्या वड्यांना पाणी सुटते.