हॅमिल्टन नावाची गावे : स्मरणिकेतील एका वाक्याविषयी

सप्रेम नमस्कार.

स्मरणिकेच्या मसुद्यात ‘ऑन्टॅरिओतील आपल्या हॅमिल्टन शहराचे नाव स्कॉटलंडमधील हॅमिल्टन जिल्ह्यावरून पडले’ असे वाक्य आहे. छपाईपूर्वी ग्लासगो परिसरातील सभासदांनी ते एकदा नजरेखालून घालावे, ही विनंती.

– स्मरणिका समिती

नमस्कार.

पहिली हरकत ‘जिल्हा’ या शब्दाला आहे. १९७३ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या बहुतेक भागात दोन स्तरांचा कारभार आला आणि मे १९७५ पासून तो सुरू झाला : शाळा, रस्ते आणि पोलीस स्ट्रॅथक्लाइड या अवाढव्य विभागाकडे, तर घरे आणि कचरा त्याखालच्या १९ डिस्ट्रिक्टांकडे. हॅमिल्टन हे त्यांपैकी एक. आपल्या हिशेबाने तालुकाच म्हणा. एप्रिल १९९६ मध्ये ही व्यवस्था मोडीत निघाली आणि हा भाग साउथ लॅनार्कशायरमध्ये गेला. जेमतेम एकवीस वर्षे टिकलेल्या डिस्ट्रिक्टने १८४६ साली शहराचा दर्जा मिळालेल्या तुमच्या हॅमिल्टनला नाव कसे द्यावे?

बरे, हॅमिल्टन गावाने तरी दिले का? तुमचे शहर जॉर्ज हॅमिल्टन या जमीनमालकाचे, न्यूझीलंडमधले १८६४ च्या लढाईत पडलेल्या नौदलाच्या कप्तानाचे, बर्म्युडातले तिथल्या गव्हर्नरचे. सगळी आडनावाची कमाई. इथले मूळ गावही त्याच आडनावाचे ऋणी आहे, कारण १४४५ च्या राजसनदेपूर्वी त्याला कॅडझो म्हणत. ज्या घराण्याने नाव दिले त्याचा राजवाडा खालच्या कोळसा खाणींमुळे जमीन खचू लागल्याने १९२० च्या दशकात पाडावा लागला. दहाव्या ड्यूकची समाधी मात्र उभी आहे. तिचे दार जोरात लावले तर आवाज सुमारे पंधरा सेकंद घुमत राहतो. प्रार्थनेसाठी बांधलेल्या त्या दालनात प्रार्थना कधी जमलीच नाही.

गावावरून खरोखर नाव घेतलेले ठिकाण हवेच असेल, तर ते याच जुन्या डिस्ट्रिक्टमधील ब्लँटायर या खेड्यावरून नाव पडलेले आफ्रिकेतील ब्लँटायर. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८१३ साली या खेड्यात जन्मला, आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८७६ मध्ये आजच्या मलावीत वसवलेल्या ठाण्याला त्याच्या जन्मगावाचे नाव दिले. ते आता मोठे व्यापारी शहर आहे. आपल्या वाचकांना आणखी जवळचा धागा म्हणजे, १८६६ मध्ये मुंबईहून अखेरच्या मोहिमेवर निघताना लिव्हिंगस्टनने नाशिकच्या मिशन शाळेत शिकलेले, गुलामगिरीतून सुटलेले आफ्रिकी तरुण सोबत नेले होते. त्याच शाळेचा जेकब वेनराइट पुढे त्याला जाऊन मिळाला आणि १८७४ मध्ये त्याचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला.

– ग्लासगोजवळचा एक सभासद

सप्रेम नमस्कार.

वाक्य वगळले आहे. आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद मूळच्या नाशिकच्या आहेत. त्यांनी ‘हॅमिल्टनचे राहू द्या, आधी जेकबवर पानभर लिहा’ असे सुचवले आहे. तो मजकूर आपणच रविवारपर्यंत पाठवावा. समाधीचे छायाचित्र आपण स्वतः काढलेले असल्यास तेही जोडावे.

– स्मरणिका समिती