दुपारनंतरची मरगळ: रोजच्या कुठल्या सवयी खरंच लागू पडतात? (बडोदे)

निजामपुरेकर: घरून काम. दुपारी चारनंतर मरगळ, रात्री एकपर्यंत झोप नाही, सकाळी चिडचिड. पहाटे साडेपाचला कमाटीबागेत फेऱ्या चालू आहेत, फरक शून्य. रोज जमेल असं सुचवा. ध्यानाची ॲप नकोत.

आजवा_रोड: साडेपाचलाच गडबड आहे. जानेवारीत बडोद्यात सूर्य उगवतो सव्वासातनंतर. आपण ७३ रेखांशावर, घड्याळ (भारतीय प्रमाणवेळ) ८२.५ रेखांशाचं, म्हणजे सुमारे ३७ मिनिटांची तफावत. अंधारात चालून पाय मोकळे होतात, पण मेंदूतल्या घड्याळाला उजेड हवा असतो. खोलीत ट्यूबलाइटखाली दोन-पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, बाहेर ढगाळ सकाळीही हजारांत. हिवाळ्यात साडेसातला निघा, मे-जूनमध्ये सव्वासहाला. अर्धा तास पुरे, गॉगल नको. सूर्याकडे टक लावून मात्र बघू नका. चालायचा कंटाळा आला तर गच्चीत चहा घ्या. दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर बसून पेपर वाचणं यात धरत नाहीत!

उठायची वेळ रविवारीही तीच. झोपायची वेळ हुकमी ठरवता येत नाही, उठायची येते. पहिला आठवडा जड जातो. फार पेंग आली तर तीनच्या आत, गजर लावून २० मिनिटं. तासभर झोपलात तर डोकं जड होऊन उठाल आणि रात्र पुन्हा लांबेल.

मांडवीची_मावशी: चारचा चहा घेता ना? कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. शेवटचा कप दोनला. एकदम तोडलात तर डोकं धरेल, म्हणून दर तीन दिवसांनी अर्धा कप कमी करा. जेवल्यावर लगेच खुर्ची गाठू नका, दहा मिनिटं चाला. आणि रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा.

आजवा_रोड: वहीला विरोध नाही मावशी, पण मरगळलेला माणूस चौथ्या दिवशी वही विसरतो. त्यापेक्षा आदल्या रात्री एकच बारकं काम वेळेसकट ठरवा: ‘चार वाजता कुंड्यांना पाणी.’ मूड आला की करू म्हटलं की राहतं; काम आधी, मूड मागून येतो.

बी_ट्वेल्व्ह: शाकाहारी असाल तर बी-१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. बी-१२ ची गोळी तपासणीआधी सुरू करू नका, आकडा फसवा येतो. दोन आठवडे रोजच मन उदास, कशातच गोडी नाही असं असेल तर सवयींवर थांबू नका, डॉक्टर गाठा. टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, मोफत, चोवीस तास.

निजामपुरेकर: मग जिम रात्री नऊला चालेल?

आजवा_रोड: झोपायच्या दीड-दोन तास आधी आटपत असेल तर चालेल. घरी आल्यावर छताचा पांढरा एलईडी बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा लावा. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात.