साऊथहॅम्प्टनहून नॉर्वेची क्रूझ : लेक-जावई ब्रिटिश, आम्ही भारतीय पासपोर्टवाले

टिळकवाडीकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही उभयता बेळगावात टिळकवाडीला राहतो. आमची लेक आणि जावई इंग्लंडमध्ये रेडिंगला असतात. ते दोघे आणि नातू आता ब्रिटिश नागरिक झाले आहेत. आम्हा दोघांचे पासपोर्ट अर्थातच भारतीय आहेत. येत्या जुलैत साऊथहॅम्प्टनहून निघून नॉर्वेतील स्टॅव्हँगर, ओल्डेन, गायरांगर या बंदरांना लागून पुन्हा साऊथहॅम्प्टनलाच परतणारी सात रात्रींची क्रूझ त्यांनी आम्हा पाचही जणांसाठी ठरवली आहे. आम्ही जूनच्या सुरुवातीला इंग्लंडला पोहोचणार आहोत.

लेक म्हणते, "बाबा, तुम्ही फक्त या, बाकीचे मी बघते." परंतु तिचा सगळा अनुभव ब्रिटिश प्रवाशाचा आहे. तिला कधी व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागले नाही, त्यामुळे तिच्या 'बाकीचे' या शब्दात आमच्या कागदपत्रांचा समावेश आहे की नाही, याची मला खात्री वाटत नाही. दुसरी काळजी सौभाग्यवतींची आहे. गोव्याला जाताना चोर्ला घाटात तिसऱ्या वळणालाच त्यांना गाडी थांबवावी लागते. मग उत्तर समुद्रात काय होईल? त्या शुद्ध शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही, आणि आषाढी एकादशी प्रवासातच येण्याची शक्यता आहे. मला स्वतःला रक्तदाब आणि मधुमेह आहे. ज्यांनी ब्रिटिश जहाजांवरून प्रवास किंवा काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खानापूरची लेक, मुक्काम पोर्ट्समथ

काका, आपली शंका अगदी रास्त आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगते : नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे आपल्याला ब्रिटनच्या व्हिसाखेरीज शेंगेन व्हिसाही लागेल, आणि तो बेळगाव सोडण्यापूर्वीच काढावा लागेल. शेंगेनचा अर्ज साधारणपणे आपण जेथे कायदेशीर रहिवासी असता त्या देशातूनच करता येतो. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून आलेल्या माणसाचा अर्ज येथे सहसा स्वीकारला जात नाही. माझ्या सासूबाई तीन वर्षांपूर्वी "लंडनला गेल्यावर बघू" म्हणून तशाच आल्या आणि आम्ही चौघे फिरून येईपर्यंत दहा दिवस शेजारणीच्या सोबतीने घरी बसल्या. जहाजातून उतरायचेच नाही असे म्हटले तरी उपयोग होत नाही, कारण व्हिसा नसलेल्या प्रवाशाला कंपनी साऊथहॅम्प्टनच्या धक्क्यावरच अडवते.

आता क्रम पाहा. पासपोर्ट एकच असतो आणि व्हिसाच्या अर्जासोबत तो सहसा जमा होतो, त्यामुळे दोन्ही अर्ज एकाच वेळी चालवणे कठीण जाते. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधी करता येतो, म्हणजे आपल्याला तो मार्चच्या सुरुवातीला भरता येईल. त्याचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत मिळतो. पासपोर्ट हाती येताच नॉर्वेचा अर्ज करावा. त्याला नियमाने पंधरा दिवस लागतात, पण चौकशी वाढली तर पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. शुल्क प्रौढ व्यक्तीला 90 युरो आहे आणि निदान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा जोडावा लागतो. बोटांच्या ठशांसाठी बंगळुरूची एक फेरी गृहीत धरा. जहाजाच्या आरक्षणाचे पत्र, ज्यात आपली नावे आणि प्रत्येक बंदराची तारीख आहे, तसेच खर्च लेक-जावई करणार असल्याचे पत्र, ही दोन्ही कागदपत्रे तिच्याकडून आत्ताच मागवून घ्या.

आपल्या मार्गावर सगळी बंदरे नॉर्वेतच आहेत, त्यामुळे एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पुरतो. मार्गात मध्येच शेंगेनबाहेरच्या बंदराला लागून पुन्हा आत यायचे असते, तर अनेक प्रवेशांचा घ्यावा लागला असता. परत येताना ब्रिटनमध्ये आपला दुसरा प्रवेश होतो, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. नेहमीचा पाहुण्यांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा असतो, तरी हाती आल्यावर ते एकदा वाचून पाहावे.

आणि लेकीलाही सांगा की ब्रिटिश पासपोर्ट म्हणजे सगळे आलबेल असे आता राहिलेले नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश नागरिकाचा पासपोर्ट शेंगेनमध्ये प्रवेश करण्याच्या दिवशी दहा वर्षांहून जुना नसावा आणि तेथून निघण्याच्या दिवसापासून पुढे तीन महिने वैध असावा, अशी अट आहे. सप्टेंबर 2018 पूर्वी नूतनीकरण करताना जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्यात मिळवून देत असत. अशा पासपोर्टवर मुदत शिल्लक दिसते, पण दहा वर्षे उलटून गेलेली असतात. जावयांच्या पासपोर्टवर मुदत संपण्याची नव्हे, तर दिल्याची तारीख पाहायला सांगा. युरोपात 12 ऑक्टोबर 2025 पासून सुरू झालेल्या ठसे-छायाचित्र नोंदणीची चर्चा त्यांनी ऐकली असेल. साऊथहॅम्प्टनला सुरू होऊन तेथेच संपणाऱ्या क्रूझवर ब्रिटिश प्रवाशांना सहसा ती करावी लागत नाही.

एक बारीक सूचना. साऊथहॅम्प्टनला क्रूझची टर्मिनल पाच आहेत आणि ती एकमेकांना लागून नाहीत. 'ओशन' व 'क्वीन एलिझाबेथ द्वितीय' ही पूर्वेकडच्या गोदीत, तर सिटी, होरायझन आणि मेफ्लॉवर पश्चिमेकडे. टॅक्सीवाल्याला नुसते 'क्रूझ टर्मिनल' सांगू नये.

जांबोटीचा खलाशी

मी ब्रिटिश क्रूझ जहाजांच्या भोजनगृहात अकरा वर्षे काम करून आता गावी स्थिरावलो आहे. कागदपत्रांवर ताईंनी सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी जहाजावरचेच सांगतो.

घाटातली मळमळ आणि समुद्रातली मळमळ यांत फरक आहे. घाटात गाडी एकसारखी वळते व हिसके देते. मोठे जहाज संथपणे एका लयीत कलते, आणि त्याला बाजूने पाण्याखाली उघडणारे पंख असतात, जे ते डुलणे बरेच कमी करतात. शिवाय फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधून आत गेलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीत शिरल्यावर पाणी आपल्या राकसकोपच्या तलावासारखे शांत असते. त्रास झालाच तर तो जाताना आणि येताना उत्तर समुद्र ओलांडताना होईल. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण जहाज झोपाळ्यासारखे मध्याभोवती हलते आणि टोकाला व वरच्या मजल्यांवर झोका मोठा लागतो. लोक हौसेने सर्वांत वरची, पुढची बाल्कनी घेतात आणि मग दोन दिवस पडून राहतात. आमच्याकडे हवामान खराब होणार असले की कर्मचारी जिन्याच्या कठड्याला आणि लिफ्टपाशी कागदी पिशव्या खोचून ठेवत. त्या दिसल्या की गोळी घ्यायची वेळ झाली असे समजावे. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग फारसा होत नाही. कोणती गोळी घ्यायची ते मात्र आपल्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पोट रिकामे ठेवू नये. कोरडे टोस्ट, हिरवे सफरचंद, आले हे आम्ही मागितल्याबरोबर देत असू.

जेवणाची चिंता नको, पण बोलण्यात स्पष्टता हवी. ब्रिटिश माणसाच्या 'व्हेजिटेरियन'मध्ये अंडे बसते. म्हणून आरक्षणाच्या वेळीच अंडे नको, मासा नको, जिलेटिन नको असे लेकीला लिहून कळवायला सांगा. मूस आणि जेली या गोड पदार्थांत जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ) असू शकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या रात्री भोजनगृहाच्या मुख्य वेटरला भेटून वहिनींनी स्वतः सांगावे. तो बहुधा गोव्याचा किंवा मुंबईचा निघेल आणि मग पुढचे सहा दिवस आदल्या संध्याकाळीच उद्याचे विचारून जाईल. पी अँड ओ या ब्रिटिश क्रूझ कंपनीच्या काही जहाजांवर 'सिंधू' नावाचे भारतीय उपाहारगृहही आहे, त्याचे पैसे वेगळे पडतात. एकादशीला साबुदाणा मिळणार नाही. फळे, दूध, दही, उकडलेला बटाटा हवा तेवढा मिळेल. त्यावर वहिनींचा उपास निभेल असे वाटते.

केबिनमध्ये निरांजन किंवा उदबत्ती लावता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आगीची भीती समुद्रावर सर्वांत मोठी असते. इस्त्री आणि पाणी तापवायची कांडीही बॅगेत सापडली तर काढून घेतात. माझ्या वेळी एका वयस्कर गुजराती बाईंनी केबिनमध्ये वात लावली आणि क्षणार्धात पाच जण दाराशी हजर झाले. बिचाऱ्यांचे हात थरथरत होते. जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना धोक्याच्या वेळी जमण्याची जागा दाखवतात, ती कवायत टाळू नये. सात छोटे भोंगे आणि एक लांब, एवढे ध्यानात ठेवावे.

काही बंदरांत जहाज धक्क्याला न लागता दूर नांगर टाकते आणि लहान बोटीतून उतरवतात. गुडघे दुखत असतील तर चढताना-उतरताना दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी नातवाकडे द्या. आणि बंदरावर परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाळा. नॉर्वे ब्रिटनच्या एक तास पुढे आहे. जहाजाने आयोजित केलेली सहल उशिरा आली तर ते थांबते, स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी थांबत नाही.

निपाणीचे निवृत्त मास्तर

मागच्या उन्हाळ्यात मुलासोबत याच मार्गाने जाऊन आलो. खलाशीबुवांशी एका बाबतीत माझे मत जुळत नाही. खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली केबिन स्वस्त आणि स्थिर असेल, पण नॉर्वेला जुलैत रात्री अकरापर्यंत उजेड असतो आणि फ्योर्डमध्ये जहाज शिरते तेव्हा दोन्ही बाजूंचे कडे आणि धबधबे हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटतात. माझ्या पत्नीने पहाटे साडेपाचला शाल गुंडाळून बाल्कनीत चहा घेतला आणि नंतर आठवडाभर ती तेवढेच सांगत होती. मध्यभागी, मधल्या मजल्यावर बाल्कनी मिळाली तर दोन्ही साधते.

मला मात्र विम्याविषयी लिहायचे आहे. जहाजावरचा दवाखाना खाजगी आहे. ब्रिटिश नागरिकाला घरी मिळणारी मोफत आरोग्यसेवा तेथे नसते, आणि युरोपात सरकारी उपचारांसाठी चालणारे त्यांचे जीएचआयसी कार्डही तेथे चालत नाही; नुसत्या तपासणीचेही बिल लागते. गंभीर आजारात हेलिकॉप्टरने उतरवावे लागले तर तो खर्च कुटुंबाला पेलणारा नसतो. व्हिसासाठी घेतलेल्या विम्यात जहाजप्रवास स्पष्टपणे लिहिलेला आहे का, पूर्वीचा रक्तदाब आणि मधुमेह नोंदवला आहे का, हे एजंटाच्या तोंडी हमीवर न सोडता पॉलिसीत वाचून घ्या. आमच्या एजंटाने "सगळे येते हो" म्हणून सांगितले. उघडून पाहिले तर 'क्रूझ' हा शब्दच वगळलेल्या गोष्टींत होता. सुदैवाने निघायला बारा दिवस होते. औषधे दुप्पट दिवसांची, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालाकडे जातात आणि केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते.

नावांचा घोळ आपल्याकडे नेहमीचाच. पत्नीच्या पासपोर्टात आडनावाची चौकट रिकामी आहे, सगळे नाव पहिल्या चौकटीत. मुलाने जहाजाचे आरक्षण करताना नेहमीप्रमाणे आडनाव वेगळे लिहिले आणि ते दुरुस्त करायला तीन पत्रे लिहावी लागली. जन्मस्थानाचेही तसेच. शहराचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदलले, त्यामुळे जुन्या पासपोर्टात बेळगाव आणि नव्या दाखल्यांत बेळगावी असते. या वादावर आपली मते काहीही असोत, अर्जात मात्र पासपोर्टात आहे तेच अक्षरशः उतरवावे.

फोन धक्का सोडताच विमान-मोडवर टाका. समुद्रावर जहाजाचे स्वतःचे उपग्रहाचे जाळे फोन आपोआप पकडते; मला एका रात्रीच्या व्हॉट्सअॅपचे बिल आमच्या घराच्या महिन्याच्या विजेच्या बिलाहून जास्त आले. खर्चाविषयी आणखी एक : पी अँड ओने 2019 पासून बक्षिसी भाड्यातच धरली आहे आणि जहाजावर पौंड चालतो, क्युनार्ड या दुसऱ्या कंपनीच्या जहाजांवर हिशेब डॉलरमध्ये असतो व रोजची सेवा-आकारणी वेगळी लागते. लेकीने कोणते जहाज घेतले आहे ते विचारून घ्या. औपचारिक रात्री सूट नसला तरी चालतो. आपला बंद गळ्याचा कोट आणि वहिनींची शहापुरी साडी पुष्कळ झाली. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या यॉर्कशरच्या आजींनी काठ हातात घेऊन पाहिला आणि विणायला किती दिवस लागले ते विचारले.

खानापूरची लेक, मुक्काम पोर्ट्समथ

एक राहिले, काका. येताना लेकीसाठी कुंदा आणू नका. कुंदा म्हणजे आटवलेले दूधच, आणि भारतातून ब्रिटनमध्ये दूध व दुधाचे पदार्थ व्यक्तिगत सामानातूनही आणता येत नाहीत. माझ्या आईने आणलेले एक किलो हीथ्रोवर कचऱ्यात गेले, तेव्हा अधिकाऱ्यापेक्षा मलाच जास्त वाईट वाटले. मांडे मात्र बिनदुधाचे केले असतील तर आणायला हरकत नाही, चुरा झाला तरी.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीशी बोललो. शेंगेनचा विषय काढताच ती दोन क्षण गप्प झाली आणि मग म्हणाली, "अहो बाबा, आपण परत साऊथहॅम्प्टनलाच येतोय ना?" म्हणजे माझा अंदाज खरा होता. आरक्षणाचे पत्र आज सकाळी आले. त्यात सौभाग्यवतींचे आडनाव वेगळ्या चौकटीत आहे आणि पासपोर्टात ते नाही; मास्तरांमुळे ते लगेच लक्षात आले. जावयांचा पासपोर्ट जून 2017 चा निघाला, मुदत मार्च 2028 पर्यंत, पण दहा वर्षे जून 2027 ला भरतात. म्हणजे या खेपेला चालेल. केबिन मधल्या मजल्यावर बदलून मिळते का ते ती विचारते आहे. कुंद्याचे मात्र मी सौभाग्यवतींना अजून सांगितलेले नाही, कारण त्यांनी परवाच दुकानदाराला दोन किलोचे सांगून ठेवले आहे.